अणूंची गणना आणि काळाचे मापन : त्वरक वस्तुमान वर्णपटमापन पद्धतीचे तत्त्व, कार्य व मर्यादा

सारांश

निसर्गात अत्यल्प प्रमाणात आढळणाऱ्या दीर्घायुषी किरणोत्सर्गी समस्थानिकांचे मापन करण्यासाठी १९७७ साली त्वरक वस्तुमान वर्णपटमापन ही पद्धती पुढे आली. अणूंचा ऱ्हास होण्याची वाट न पाहता नमुन्यातील अणूच थेट मोजणे हे तिचे मूलतत्त्व आहे. त्यामुळे कालमापनासाठी लागणाऱ्या नमुन्याचे वजन ग्रॅमवरून मिलिग्रॅमवर आले. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे तत्त्व, यंत्राची रचना, पुरातत्त्व व भूविज्ञान या क्षेत्रांतील तिचा उपयोग आणि तिच्या मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे. नमुना जितका लहान, तितकी त्याची निवड व शुद्धी यांची जबाबदारी मोठी, हा या विवेचनाचा मुख्य निष्कर्ष आहे.

मुख्य शब्द : समस्थानिक, किरणोत्सर्ग, कार्बन-१४, बेरिलियम-१०, कणत्वरक, कालमापन, अंशशोधन.

१. प्रस्तावना

पुरातत्त्वीय उत्खननाच्या अहवालात, हिमनद्यांच्या अभ्यासात किंवा भूजलाच्या सर्वेक्षणात 'एएमएस पद्धतीने काढलेली तारीख' असा उल्लेख आता वारंवार आढळतो. अनेकदा अशा तारखेकडे अंतिम निर्णय म्हणून पाहिले जाते. यंत्र अत्याधुनिक आहे, म्हणून त्यातून आलेला आकडा निर्विवाद आहे, अशी समजूत त्यामागे असते. दुसऱ्या बाजूला एखादी तारीख आपल्या मताला गैरसोयीची ठरली की संपूर्ण पद्धतीच अविश्वसनीय ठरविण्याकडेही काहींचा कल असतो. या दोन्ही भूमिका पद्धतीचे नेमके स्वरूप न समजल्यामुळे निर्माण होतात. यंत्र नेमके काय मोजते आणि त्या मापनापासून ऐतिहासिक किंवा भूवैज्ञानिक निष्कर्षापर्यंत पोहोचताना कोणत्या पायऱ्या ओलांडाव्या लागतात, हे इतिहास, भूगोल, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र अशा सर्वच विषयांच्या अध्यापकांनी जाणून घेणे आवश्यक झाले आहे.

२. दुर्मिळ समस्थानिक मोजण्यातील अडचण

एकाच मूलद्रव्याच्या ज्या अणूंमध्ये प्रोटॉनची संख्या समान परंतु न्यूट्रॉनची संख्या भिन्न असते, त्यांना समस्थानिक म्हणतात. कार्बनचे कार्बन-१२ व कार्बन-१३ हे दोन समस्थानिक स्थिर आहेत. कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी असून त्याचा अर्धायुकाल सुमारे ५,७३० वर्षे आहे. वातावरणाच्या वरच्या थरांत विश्वकिरणांमुळे निर्माण झालेले न्यूट्रॉन नायट्रोजनच्या अणूंवर आदळून कार्बन-१४ तयार होतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने वनस्पतींत आणि त्यांच्यामार्फत प्राण्यांत पोहोचतो. जीव मृत झाला की नवा पुरवठा थांबतो आणि असलेला साठा निश्चित गतीने घटू लागतो. मार्टिन केमेन व सॅम्युएल रुबेन यांनी १९४० साली कार्बन-१४ चा शोध लावला. विलार्ड लिबी यांनी त्यावर आधारलेली कालमापन पद्धती विकसित केली आणि त्याबद्दल त्यांना १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

लिबी यांची पद्धती ऱ्हासाच्या गणनेवर आधारलेली होती. कार्बन-१४ चा अणू फुटताना बाहेर पडणारा बीटा कण मोजायचा आणि त्यावरून उरलेल्या अणूंचे प्रमाण काढायचे, अशी ती पद्धती होय. तिची मर्यादा साध्या अंकगणिताने स्पष्ट होते. सजीवांच्या शरीरातही दर एक लाख कोटी कार्बन अणूंमागे जेमतेम एक अणू कार्बन-१४ चा असतो. एक मिलिग्रॅम आधुनिक कार्बनमध्ये कार्बन-१४ चे सुमारे सहा कोटी अणू असतात. परंतु त्यांपैकी एका तासात सरासरी एकाचाही ऱ्हास होत नाही. मापनातील सांख्यिकीय अनिश्चितता एक टक्क्यावर आणण्यासाठी सुमारे दहा हजार नोंदी आवश्यक असतात. एक मिलिग्रॅम कार्बनमधून ऱ्हासाच्या एवढ्या नोंदी मिळविण्यासाठी, शोधक यंत्र पूर्णपणे कार्यक्षम आहे असे मानले तरी, जवळजवळ दीड वर्ष थांबावे लागेल. म्हणूनच जुन्या पद्धतीत काही ग्रॅम कार्बन लागत असे. सहा कोटी अणू समोर असताना त्यांतील फुटणाऱ्या मोजक्या अणूंचीच दखल घ्यायची, ही त्या पद्धतीची मूलभूत अडचण होती. अर्धायुकाल जितका दीर्घ, तितकी ही अडचण अधिक तीव्र होते. बेरिलियम-१० सारख्या सुमारे १४ लाख वर्षे अर्धायुकाल असलेल्या समस्थानिकाच्या बाबतीत ती जवळजवळ अनुल्लंघनीय ठरते.

मग अणू थेट का मोजू नयेत? सामान्य वस्तुमान वर्णपटमापकात अणूंचे आयन बनवून चुंबकीय क्षेत्रातून पाठविले जातात आणि वस्तुमानानुसार ते वेगळे केले जातात. परंतु कार्बन-१४ च्या बाबतीत दोन तोतये आड येतात. पहिला म्हणजे नायट्रोजन-१४. हवेत सर्वत्र असलेल्या या अणूचे वस्तुमान कार्बन-१४ च्या वस्तुमानाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. दुसरा म्हणजे कार्बन व हायड्रोजन यांचे रेणू. कार्बन-१३ ला एक किंवा कार्बन-१२ ला दोन हायड्रोजन अणू जोडले गेले की त्यांचाही वस्तुमानांक १४ च होतो. या तोतयांची संख्या खऱ्या कार्बन-१४ च्या अनेक पटींनी अधिक असल्याने सामान्य यंत्रात तो त्यांच्यात हरवून जातो.

३. पद्धतीचा उगम

कणत्वरकाचा उपयोग वस्तुमान वर्णपटमापकासारखा करण्याची कल्पना पूर्णतः नवी नव्हती. लुइस आल्वारेझ व रॉबर्ट कॉर्नोग यांनी १९३९ साली सायक्लोट्रॉनच्या साहाय्याने हेलियम-३ निसर्गात आढळतो हे दाखवून दिले होते. त्यानंतर सुमारे चार दशके ही कल्पना मागे पडली. १९७७ साली रिचर्ड म्युलर यांनी सायक्लोट्रॉनद्वारे किरणोत्सर्गी कालमापन शक्य असल्याचे प्रतिपादन केले. त्याच वर्षी अमेरिकेतील रोचेस्टर आणि कॅनडातील मॅकमास्टर या विद्यापीठांतील त्वरकांवर काम करणाऱ्या दोन स्वतंत्र गटांनी टँडेम त्वरक वापरून नैसर्गिक कार्बन-१४ चे थेट मापन करून दाखविले.

या यशाची गुरुकिल्ली एका साध्या वस्तुस्थितीत होती. नायट्रोजनचा अणू जादा इलेक्ट्रॉन धरून ठेवू शकत नाही. म्हणजेच त्याचा स्थिर ऋणायन बनत नाही. कार्बनचा मात्र सहज बनतो. टँडेम त्वरकाची सुरुवातच ऋणायनांनी होते. त्यामुळे नायट्रोजन-१४ हा पहिला तोतया यंत्राच्या दारातच अडविला जातो.

४. यंत्राची रचना व कार्य

यंत्रापूर्वीचे काम रसायनशाळेत होते. कोळसा, बी किंवा कापड यांसारखा नमुना आम्ल, अल्कली व पुन्हा आम्ल या क्रमाने धुतला जातो. यामुळे मातीतील कार्बोनेट आणि ह्युमिक आम्ले निघून जातात. नंतर नमुना जाळून त्यातील कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर केले जाते आणि लोखंडाच्या उत्प्रेरकावर हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याचे ग्रॅफाइट बनविले जाते. सुमारे एक मिलिग्रॅम ग्रॅफाइट धातूच्या लहानशा धारकात दाबून बसविले की नमुना यंत्रात ठेवण्यायोग्य होतो.

यंत्राचा पहिला भाग म्हणजे आयनस्रोत. येथे सिझियमच्या आयनांचा मारा करून ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरून कार्बनचे ऋणायन उडविले जातात. पहिला चुंबक त्यांतील १२, १३ व १४ वस्तुमानांकाचे आयन आळीपाळीने पुढे सोडतो. यानंतर ते टँडेम त्वरकात प्रवेश करतात. त्वरकाच्या मध्यभागी उच्च धन विभव असते. ऋणायन त्याकडे वेगाने ओढले जातात. मध्यभागी पोहोचताच ते विरळ वायूतून किंवा अतिशय पातळ कार्बन पटलातून जातात आणि त्यांचे अनेक इलेक्ट्रॉन निघून जातात. आता ते धनायन झालेले असल्याने तेच धन विभव त्यांना दूर लोटते आणि त्यांना दुसऱ्यांदा वेग मिळतो. एकाच विभवाचा असा दोनदा उपयोग होतो, म्हणून या त्वरकास टँडेम म्हणजे जोड-त्वरक म्हणतात. मध्यवर्ती विभव २५ लाख व्होल्ट असेल आणि कार्बनचा अणू तीन एकक धनभार घेऊन बाहेर पडला, तर त्याची ऊर्जा एक कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट होते.

दुसऱ्या तोतयाचा निकाल याच मध्यवर्ती भागात लागतो. तीन किंवा अधिक एकक धनभार झालेला कार्बन-हायड्रोजनचा रेणू टिकू शकत नाही. त्यातील धनभारित घटक एकमेकांना दूर ढकलतात आणि रेणू फुटतो. फुटलेल्या तुकड्यांचे वस्तुमान १४ राहत नाही, त्यामुळे पुढचा चुंबक त्यांना बाजूला काढतो. पुढील काळात असेही दिसून आले की वायूतील वारंवार होणाऱ्या टकरींमुळे कमी भाराचे रेणूही नष्ट करता येतात. त्यामुळे केवळ दोन लाख व्होल्टच्या आसपास चालणारी, एका खोलीत मावणारी यंत्रे तयार झाली. झुरिक येथील गटाने या दिशेने महत्त्वाचे काम केले.

शेवटी कार्बन-१२ व कार्बन-१३ यांचा प्रवाह विद्युतधारेच्या रूपात मोजला जातो, तर कार्बन-१४ चे अणू शोधक यंत्रात एकेक करून मोजले जातात. मिळालेले गुणोत्तर दोन गोष्टींशी ताडून पाहिले जाते. एक म्हणजे ज्ञात प्रमाणाचे ऑक्झॅलिक आम्लाचे मानक आणि दुसरे म्हणजे ज्यात कार्बन-१४ शिल्लकच नसावा असा अतिप्राचीन कोरा नमुना. ज्या एक मिलिग्रॅम आधुनिक कार्बनमधून दहा हजार ऱ्हास मिळविण्यास दीड वर्ष लागले असते, त्यातून तेवढेच अणू या यंत्रात एका तासाच्या आत मोजता येतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. या पद्धतीमुळे कार्बन कालमापनाची मर्यादा एक लाख वर्षांपर्यंत जाईल, अशी अपेक्षा प्रारंभी व्यक्त झाली होती. ती पूर्ण झाली नाही. यंत्र अधिक जुने नमुने मोजू शकते. परंतु रासायनिक प्रक्रियेत नकळत मिसळणारा आधुनिक कार्बन सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे जाऊ देत नाही. पद्धतीचे खरे योगदान नमुन्याच्या लहानपणात आहे.

५. लहान नमुन्याने बदललेला इतिहास

नमुन्याचे वजन कमी झाल्याने केवळ सोय झाली असे नाही. प्रश्न विचारण्याची रीतच बदलली. जुन्या पद्धतीत एखादे धान्याचे बी किती जुने हे ठरवायचे असेल, तर त्याच थरात सापडलेल्या कोळशाची तारीख काढून ती बियाला लागू केली जात असे. बी आणि कोळसा समकालीन आहेत हे गृहीत असे; ते सिद्ध केलेले नसे.

मेक्सिकोतील तेवाकान खोऱ्याचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. रिचर्ड मॅकनीश यांनी १९६० च्या दशकात तेथील गुहांमध्ये उत्खनन केले आणि त्यांना मक्याची अतिशय लहान, आदिम स्वरूपाची कणसे मिळाली. सोबतच्या कोळशाच्या तारखांवरून ती कणसे सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची मानली गेली. मक्याच्या शेतीचा उगम आणि अमेरिका खंडातील स्थिर वस्तीचा प्रारंभ यांविषयीचे सिद्धान्त त्यावर उभे राहिले. १९८९ साली त्या कणसांचेच लहान तुकडे घेऊन त्यांचे थेट मापन प्रसिद्ध झाले. सर्वांत जुने कणीसही इ. स. पू. सुमारे ३५०० च्या पलीकडे जात नव्हते. म्हणजे मानलेला काळ आणि प्रत्यक्ष काळ यांत सुमारे दीड हजार वर्षांचे अंतर होते. २००१ साली ग्वीला नाकीत्झ या दुसऱ्या गुहेतील कणसांचे थेट मापन प्रसिद्ध झाले आणि ती इ. स. पू. सुमारे ४३०० ची ठरली. मक्याच्या उगमाचा प्रश्न त्यामुळे संपला नाही, परंतु तो अधिक भक्कम पायावर उभा राहिला.

ईजिप्तमधील वाडी कुब्बानिया येथील प्रकरण याहून बोलके आहे. तेथील सतरा-अठरा हजार वर्षांपूर्वीच्या थरांत जवाचे दाणे मिळाल्याने शेतीचा उगम कित्येक सहस्रके मागे जातो की काय, अशी चर्चा सुरू झाली होती. दाण्यांचेच थेट मापन केल्यावर ते बरेच अलीकडचे असून वरच्या थरांतून खाली आले असावेत, असे दिसून आले. ही दुरुस्ती उत्खनन करणाऱ्या गटानेच १९८४ साली प्रसिद्ध केली. उंदीर-घुशींची बिळे, मुळांच्या पोकळ्या, नंतरच्या लोकांनी खणलेले खड्डे यांतून लहान वस्तू थर बदलतात, हे उत्खननकर्त्यांना ठाऊक असते. पण ते वस्तूनिहाय सिद्ध करण्याचे साधन पूर्वी उपलब्ध नव्हते.

महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन स्थळांच्या संदर्भात ही बाब विचारात घेण्याजोगी आहे. नेवासे, चांदोली, इनामगाव या स्थळांचा कालक्रम मुख्यतः कोळशाच्या ऱ्हास-गणनेवर आधारलेला आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. कोळसा हा दीर्घकाळ वाढलेल्या झाडाच्या आतल्या भागाचा असेल किंवा जुने वासे पुन्हा वापरलेले असतील, तर त्याची तारीख प्रत्यक्ष वस्तीपेक्षा जुनी येते. धान्याचा दाणा मात्र एकाच हंगामाचा असतो. अशा स्थळांवरून मिळालेल्या जळक्या जवाच्या एका दाण्याचे थेट मापन आता शक्य आहे. जुन्या तारखा त्यामुळे चुकीच्या ठरतीलच असे नाही. त्यांची स्वतंत्र पडताळणी मात्र होऊ शकेल.

६. दूषण आणि त्याचे गणित

नमुना लहान झाला की दूषणाचा धोका वाढतो. एक ग्रॅम नमुन्यात दहा मायक्रोग्रॅम परका कार्बन मिसळला तर तो नगण्य ठरतो. एक मिलिग्रॅम नमुन्यात तोच एक टक्का होतो. या एक टक्क्याचा परिणाम नमुन्याच्या वयानुसार बदलतो. तीन हजार वर्षे जुन्या नमुन्यात एक टक्का आधुनिक कार्बन मिसळल्यास तारीख ३५ ते ४० वर्षांनी अलीकडे सरकते. परंतु ज्यात कार्बन-१४ मुळीच उरलेला नाही, अशा लक्षावधी वर्षे जुन्या दगडी कोळशात तेवढीच भेसळ झाली, तर त्याचे वय सुमारे ३७,००० वर्षे दिसते. म्हणून तीस हजार वर्षांपलीकडची कोणतीही तारीख वाचताना दूषणाचा विचार प्रथम करावा लागतो.

हेच गणित उलट दिशेने वापरून एखाद्या आक्षेपाची परीक्षाही करता येते. इटलीतील तुरिन येथील प्रसिद्ध कफनवस्त्राचे नमुने एप्रिल १९८८ मध्ये ॲरिझोना, ऑक्सफर्ड आणि झुरिक येथील तीन प्रयोगशाळांना देण्यात आले. प्रत्येकीला सुमारे ५० मिलिग्रॅम कापड मिळाले आणि तुलनेसाठी ज्ञात काळाचे अन्य नमुनेही देण्यात आले. जुन्या पद्धतीस लागणारे मोठे कापड कापण्यास परवानगी मिळणे कठीणच होते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ते कापड ९५ टक्के विश्वासमर्यादेत इ. स. १२६० ते १३९० या काळातील ठरले. तिन्ही प्रयोगशाळांच्या आकड्यांतील तफावत अपेक्षेपेक्षा किंचित अधिक होती, हे मूळ निबंधातच दिसते. नमुना वस्त्राच्या एकाच कोपऱ्यातून घेतला गेला, यावरही पुढे टीका झाली. हे दोन्ही आक्षेप गांभीर्याने घेण्याजोगे आहेत. परंतु हस्तस्पर्श, धूर किंवा बुरशी यांमुळे पहिल्या शतकातील कापड चौदाव्या शतकातील भासले, असे म्हणावयाचे असेल, तर नमुन्यातील सुमारे ६० टक्के कार्बन आधुनिक असावा लागेल. रासायनिक शुद्धीनंतर एवढी भेसळ राहणे संभवत नाही. आक्षेप कोणता आहे आणि त्यासाठी किती भेसळ लागेल, हे मांडल्याशिवाय त्याचे मूल्य ठरविता येत नाही.

७. मोजलेले गुणोत्तर आणि कॅलेंडरमधील वर्ष

यंत्रातून मिळते ते समस्थानिकांचे गुणोत्तर. त्यावरून काढलेले 'कार्बन वय' हे कॅलेंडरमधील वय नव्हे. संकेतानुसार हे वय १९५० हे शून्य वर्ष धरून आणि लिबी यांच्या काळातील ५,५६८ वर्षे हा जुना अर्धायुकाल वापरून मांडले जाते. शिवाय वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळात सारखे नव्हते. म्हणून वृक्षवलये, सरोवरातील गाळ, गुहांतील चुनखडीचे थर इत्यादींच्या आधारे तयार केलेल्या वक्राशी ते ताडून पाहावे लागते. यास अंशशोधन म्हणतात. उत्तर गोलार्धासाठी २०२० साली प्रसिद्ध झालेला इंटकॅल-२० हा वक्र सुमारे ५५,००० वर्षांपर्यंत मागे जातो.

हा वक्र सर्वत्र सारखा उतरत नाही. इ. स. पू. सुमारे ८०० ते ४०० या काळात तो जवळजवळ सपाट आहे. या चार शतकांतील कोणत्याही वर्षाच्या नमुन्याचे कार्बन वय जवळपास सारखेच येते. त्यामुळे मापन कितीही अचूक असले तरी अंशशोधित तारखेचा पट्टा तीन-चार शतके रुंद होऊ शकतो. भारताच्या इतिहासात हाच काळ दुसऱ्या नागरीकरणाचा, महाजनपदांचा आणि गौतम बुद्धांचा आहे. तमिळनाडूतील कीळडी येथील एका नमुन्याची इ. स. पू. ५८० ही तारीख २०१९ मध्ये जाहीर झाल्यावर तिची देशभर चर्चा झाली. अशा वेळी एकाच वर्षाचा आकडा उद्धृत करण्याऐवजी संपूर्ण पट्टा सांगणे आणि एकाच थरातील अनेक नमुन्यांचा एकत्रित विचार करणे हेच शास्त्रशुद्ध ठरते. हीच दक्षता महाराष्ट्रातील ताम्रपाषाण युगाचा शेवट आणि आरंभीचा ऐतिहासिक काळ यांच्यामधील दुव्याचा शोध घेतानाही बाळगावी लागेल.

८. कार्बनपलीकडील समस्थानिक

विश्वकिरणांमुळे केवळ कार्बन-१४ च तयार होतो असे नाही. बेरिलियम-१०, ॲल्युमिनियम-२६, क्लोरीन-३६ यांसारखे समस्थानिकही वातावरणात व खडकांत निर्माण होतात. या विषयाच्या जडणघडणीत मुंबईचा मोठा वाटा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बर्नार्ड पीटर्स आणि देवेंद्र लाल यांच्यासह अनेक संशोधकांनी १९५० च्या दशकात विश्वकिरणजन्य समस्थानिकांवर पायाभूत संशोधन केले. खडकांच्या पृष्ठभागात हे समस्थानिक कोणत्या दराने साठतात आणि धूप होत असताना त्यांचे प्रमाण कसे बदलते, यावरील लाल यांचा १९९१ चा निबंध या क्षेत्रात आजही आधारभूत मानला जातो.

येथील घड्याळ कार्बनच्या उलट चालते. खडक उघडा पडल्यापासून त्यातील क्वार्ट्‌झ या खनिजात बेरिलियम-१० चे अणू साठत जातात. समुद्रसपाटीवर एका ग्रॅम क्वार्ट्‌झमध्ये वर्षाला जेमतेम चार-पाच अणू तयार होतात. एवढे अल्प प्रमाण मोजणे त्वरकाशिवाय शक्य नाही. येथे तोतया असतो बोरॉन-१०. तो ऋणायन-अवस्थेत पूर्णतः अडविता येत नाही. परंतु वायूतून किंवा पटलातून जाताना बोरॉन बेरिलियमपेक्षा अधिक ऊर्जा गमावतो आणि त्यावरून दोघे वेगळे ओळखता येतात. ॲल्युमिनियम-२६ च्या बाबतीत प्रतिस्पर्धी मॅग्नेशियमचा स्थिर ऋणायन बनत नाही, त्यामुळे काम सुकर होते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवराचे उदाहरण या पद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही दाखविते. १९९७ साली तापदीप्ती पद्धतीने विवराचे वय सुमारे ५२,००० वर्षे सांगितले गेले. २०११ साली आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ५,७०,००० वर्षे असल्याचे प्रसिद्ध झाले. २०१४ साली बेरिलियम-१० व ॲल्युमिनियम-२६ यांच्या मापनावरून सुमारे ३७,५०० वर्षे हा आकडा पुढे आला. अंतर दहा पटींहून अधिक आहे. आर्गॉन पद्धती आघाताने वितळलेल्या खडकाचे घड्याळ वाचते. मूळचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षे जुना असल्याने वितळताना जुना आर्गॉन पूर्णपणे बाहेर पडला नाही, तर वय अधिक दिसू शकते. विश्वकिरणजन्य समस्थानिक पृष्ठभाग उघडा राहिल्याचा काळ सांगतात. धूप झाली किंवा पृष्ठभाग मातीखाली झाकला गेला, तर वय कमी दिसू शकते. तिन्ही मापने आपापल्या जागी काळजीपूर्वक झालेली असली तरी प्रत्येक पद्धती वेगळ्या घटनेविषयी बोलते. म्हणून लोणारचे वय सांगताना पाठ्यपुस्तकांतून एकच आकडा देणे उचित नाही.

याशिवाय क्लोरीन-३६ चा भूजलाचे वय ठरविण्यासाठी, आयोडीन-१२९ चा अणुइंधनावरील प्रक्रियेतून झालेल्या प्रसाराचा मागोवा घेण्यासाठी आणि कार्बन-१४ चा औषधाच्या अत्यल्प मात्रेचा शरीरातील प्रवास तपासण्यासाठी उपयोग होतो.

९. भारतातील सुविधा आणि महाविद्यालयीन संशोधक

भारतात भुवनेश्वर येथील भौतिकी संस्थेत तीस लाख व्होल्टच्या पेलेट्रॉन त्वरकावर कार्बन-१४ चे मापन सुरू झाले. मुंबईतील भाभा अणु संशोधन केंद्र व टाटा संस्था यांच्या संयुक्त पेलेट्रॉनवर क्लोरीन-३६ चे मापन करण्यात आले. नवी दिल्लीतील आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात मोठ्या पेलेट्रॉनवर बेरिलियम-१० व ॲल्युमिनियम-२६ यांचे काम झाले आणि पुढे कार्बनसाठी पाच लाख व्होल्टचे स्वतंत्र यंत्र उभे राहिले. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतही दहा लाख व्होल्टचे यंत्र आहे. दिल्लीचे केंद्र विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठीय संशोधनासाठी स्थापन केले असल्याने महाविद्यालयीन अध्यापकांनाही तेथे संशोधन प्रस्ताव सादर करता येतो. आपल्या परिसरातील पांढरीच्या टेकाडातून किंवा नदीच्या गाळातून मिळालेल्या नमुन्याचे मापन ही केवळ परदेशी प्रयोगशाळांची मिरासदारी राहिलेली नाही.

तथापि प्रस्ताव पाठविण्यापूर्वी क्षेत्रकार्यातील शिस्त आवश्यक आहे. नमुना हाताने न उचलता स्वच्छ धातूच्या चिमट्याने उचलावा. तो कापूस, कागद किंवा कापडात गुंडाळू नये, कारण हे सर्व आधुनिक कार्बनच होत. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात किंवा काचेच्या कुपीत ठेवावा. त्यावर गोंद अथवा कोणतेही कृत्रिम लेपन लावू नये आणि लावले असल्यास प्रयोगशाळेस कळवावे. नमुना कोणत्या थरातून, कोणत्या खोलीवरून व कोणत्या वस्तूंच्या संगतीत मिळाला, याची नोंद जागेवरच करावी. निष्कर्ष प्रसिद्ध करताना प्रयोगशाळा क्रमांक, नमुन्याचा प्रकार, अंशशोधनापूर्वीचे कार्बन वय व त्याची अनिश्चितता, वापरलेला वक्र आणि अंशशोधित पट्टा ही सर्व माहिती द्यावी. वक्र काळानुसार सुधारतात. मूळ वय दिलेले असेल तरच पुढील संशोधकाला नव्या वक्राने तारीख पुन्हा काढता येते.

१०. समारोप

त्वरक वस्तुमान वर्णपटमापनाने ऱ्हासाची वाट पाहण्याऐवजी अणूंची थेट गणना शक्य केली. नायट्रोजनचा ऋणायन न टिकणे आणि भारित रेणूंचे फुटणे या दोन भौतिक वस्तुस्थितींवर तिचे कार्बन मापन उभे आहे. तिच्यामुळे एका दाण्याला, एका धाग्याला स्वतःचे वय सांगता आले आणि केवळ सान्निध्यावर आधारलेले अनेक निष्कर्ष तपासून घ्यावे लागले. परंतु यंत्र त्याच्यापुढे ठेवलेल्या ग्रॅफाइटविषयीच बोलते. ते ग्रॅफाइट ज्या दाण्यापासून बनले तो कोणत्या थरातला, किती शुद्ध आणि कोणत्या घटनेचा साक्षीदार, हे ठरविण्याचे काम संशोधकाचेच राहते. वर्गात किंवा शोधनिबंधात अशी तारीख उद्धृत करताना तिच्यासोबत तिचा पट्टा, तिचा नमुना आणि तिचा संदर्भ सांगणे, एवढी दक्षता घेतली तरी या पद्धतीविषयीची अंधश्रद्धा आणि तिच्याविषयीचा अनाठायी संशय हे दोन्ही बऱ्याच अंशी दूर होतील.